रोमानियाच्या रग्बीबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रोमानियाच्या रग्बी संघावरचा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि न पटलेले स्पष्ट लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे म्हणणे थोडक्यात असे: हा संघ कधी मोठा नव्हताच. रोमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू याच्या राजवटीने सैन्यात आणि पोलिसांत नावापुरत्या नोकऱ्या देऊन खेळाडू पोसले, राजवट कोसळली आणि संघही कोसळला. २००१ मध्ये लंडनच्या ट्विकेनहॅम मैदानावर इंग्लंडने १३४-० असा फडशा पाडला. २०२३ च्या विश्वचषकात स्पेनची जागा या संघाला देणे चूक होते आणि त्याच्या इतिहासावर हळवे होणे त्याहून चूक.

आकडा खरा आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

आधी काळाचा हिशोब पाहू. चाउशेस्कू सत्तेवर आला १९६५ मध्ये. रोमानियाने फ्रान्सला हरवले १९६० मध्ये, ११-५ असे. पुढच्या वर्षी बरोबरी, १९६२ मध्ये ३-० असा विजय, १९६३ मध्ये पुन्हा बरोबरी. सलग चार वर्षे फ्रान्सला या संघावर मात करता आली नाही. आणि हा खेळ कम्युनिस्टांनीही आणलेला नव्हता. पहिल्या महायुद्धाआधी पॅरिसला शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांनी तो बुखारेस्टला आणला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रोमानियाला रग्बीचे कांस्यपदक मिळाले. संघ तीनच होते आणि रोमानिया दोन्ही सामने मोठ्या फरकाने हरला, हेही खरे. पण तिथून १९६० पर्यंतचा प्रवास एखाद्या हुकूमशहाच्या लहरीवर होत नाही.

आता नोकऱ्यांचा मुद्दा. स्तेआवा हा सैन्याचा क्लब आणि दिनामो गृहखात्याचा, यात वाद नाही. पण त्यांच्या तोडीस तोड ग्रिवित्सा रोशिए हा बुखारेस्टच्या रेल्वे कामगारांचा क्लब होता, तो तुमच्या मांडणीत कुठेच बसत नाही. शिवाय आपल्याकडचे किती कबड्डीपटू रेल्वे, पोलीस आणि सेनादलाच्या नोकरीवर उभे राहिले! त्यांच्या विजयांना आपण खोटे म्हणत नाही. नोकरीमुळे सरावाला वेळ मिळतो. स्क्रममध्ये समोरच्या आठ जणांना मागे रेटायचे काम नोकरी करत नाही.

माझ्या लेखाचा गाभा होता तो बंद दरवाजा, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड आणि फ्रान्स यांच्यापुरतीच असलेली फाइव्ह नेशन्स स्पर्धा, आणि त्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक शब्दही नाही. १९७९ मध्ये रोमानिया वेल्सशी खेळायला कार्डिफला गेला आणि १३-१२ असा एका गुणाने हरला. १९८० मध्ये डब्लिनला आयर्लंडशी १३-१३ अशी बरोबरी झाली. या दोन्ही सामन्यांना यजमानांनी पूर्ण आंतरराष्ट्रीय दर्जा दिला नव्हता. वेल्सने तो दिला १९८३ मध्ये, आणि बुखारेस्टला त्याच सामन्यात वेल्स २४-६ असा हरला. १९८४ च्या मार्चमध्ये स्कॉटलंडने ग्रँड स्लॅम जिंकले, म्हणजे फाइव्ह नेशन्समधल्या चारही प्रतिस्पर्ध्यांना हरवले. त्याच वर्षी मे महिन्यात तोच स्कॉटलंड बुखारेस्टला आला आणि २८-२२ असा हरून परतला. १९८८ मध्ये ट्रिपल क्राउन जिंकलेल्या, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिघांना हरवलेल्या वेल्सला रोमानियाने थेट कार्डिफमध्ये १५-९ असे हरवले. एवढे करून या संघाला फाइव्ह नेशन्समध्ये शिरायला कोणती वाट होती? कोणतीच नाही. त्या स्पर्धेत बढती नव्हती, पात्रता फेरी नव्हती. दार उघडले २००० मध्ये, इटलीसाठी, आणि स्पर्धा सिक्स नेशन्स झाली. तोवर रोमानियाचा तो संघ उरलाच नव्हता.

का उरला नाही? ९ डिसेंबर १९८९ ला एडिंबरात स्कॉटलंडकडून ३२-० असा पराभव झाला. त्यानंतर संघातला दिनामोचा खेळाडू क्रिस्तियान राडुकानू पाळतीवरच्या माणसांना चुकवून निसटला आणि त्याने ब्रिटनमध्ये आश्रय मागितला. दोनच आठवड्यांत चाउशेस्कूविरुद्ध क्रांती पेटली आणि बुखारेस्टच्या रस्त्यांवर गोळ्या सुटू लागल्या. फ्लोरिका मुरारिऊ, स्तेआवाचा फ्लँकर आणि सैन्यातला अधिकारी, त्या दिवसांत एका तपासणी नाक्यावर गोळी लागून मरण पावला. रग्बीपटू राडू दुर्बाकही त्याच क्रांतीत मारला गेला. ज्या सैनिकी क्लबांना तुम्ही चैनीची कुरणे समजता, तिथल्या माणसांनी ही किंमत मोजली आहे.

आणि तरीही, राजवट गेल्यावर पाचच महिन्यांनी, मे १९९० मध्ये या संघाने फ्रान्सच्या भूमीवर, ओश गावात, फ्रान्सला १२-६ असे हरवले. फ्रान्समध्ये असा विजय त्यांनी पहिल्यांदाच मिळवला. १९९१ मध्ये स्कॉटलंडला हरवले, विश्वचषकात फिजीला हरवले. म्हणजे राजवटीबरोबर संघ कोसळला हे वाक्य तारखांपुढे टिकत नाही. ऱ्हास नंतर झाला. सरकारी पैसा आटला, खेळाडू फ्रान्सच्या क्लबांकडे निघाले, १९९५ मध्ये रग्बी उघडपणे व्यावसायिक झाले आणि बुखारेस्टकडे देण्यासारखे काही नव्हते. १३४-० हा त्या रिकाम्या दशकाचा आकडा आहे.

स्पेनबद्दल. अपात्र खेळाडू खेळवल्यामुळे स्पेन २०२३ च्या विश्वचषकाला मुकला आणि रोमानिया आत आला. पण याच कारणासाठी २०१९ च्या विश्वचषकाला रोमानिया स्वतः मुकला होता आणि ती जागा रशियाला मिळाली होती. नियम दोघांना एकच लागला. २०२३ मध्ये आयर्लंडकडून ८२-८, दक्षिण आफ्रिकेकडून ७६-०, स्कॉटलंडकडून ८४-० हे निकाल वाईट होते, मी तेही सामने पाहिले आणि फार वाईट वाटले. मात्र २०१५ मध्ये लेस्टरला कॅनडाविरुद्ध ०-१५ असे मागे पडल्यावर याच देशाच्या संघाने काय केले तेही पाहा. लाइनआउटचा, म्हणजे कडेच्या रेषेवरून आत फेकलेला चेंडू घ्यायचा, सगळ्यांनी एकमेकांना घट्ट बिलगून मॉल बांधायचा आणि पावला-पावलाने रेटत रेषेपलीकडे जायचे. कर्णधार मिहाई माकोवेईने दोन ट्राय केले, शेवटी फ्लोरिन व्लाइकूने पेनल्टी मारली, १७-१५. हा जुन्या रोमानियाचाच खेळ आहे.

२०२७ च्या विश्वचषकाची पात्रता त्यांनी मैदानावरच मिळवली आहे, कोणाच्या जागेवर नाही.

आज जॉर्जियाचे तेच चालले आहे. २०२२ मध्ये त्यांनी बातुमीला इटलीला हरवले आणि कार्डिफला वेल्सला, पण सिक्स नेशन्समध्ये शिरायची वाट त्यांनाही नाही. मी रोमानियाचा इतिहास आत्ता लिहिला तो यासाठी. या मुद्द्यावर, म्हणजे बंद स्पर्धेवर, तुमचे काय मत आहे ते जरूर लिहा. त्यावर वाद घालायला मला खरेच आवडेल.