शिकायला लागणारा वेळ कुणाच्या पगारातून कापायचा?

"सरकार फुकट कोर्स देतंय, तरी ही पोरं करत नाहीत, डिलिव्हरीच्या गाड्या पळवत बसतात." हे इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आज सविस्तर लिहितोच. बोलणारे भले लोक आहेत. पण त्यांच्यापैकी कुणी सेकंड शिफ्ट केली असेल असं वाटत नाही.

मी आयटीआय फिटर. पुण्याजवळ भोसरीत एका मशीन शॉपला सुपरवायझर आहे, ट्रेनी पोरं माझ्या हाताखाली येतात. जालना, बीड, नांदेड, हिंगोलीकडची. मोशीत नाहीतर चऱ्होलीत पाच-सहा जणांत एक खोली, मेसचा डबा, आणि गावाकडे दर महिन्याला थोडे तरी पाठवायचेच. एकही रिकामटेकडा नाही. ओटी (जादा तासांचं काम) मिळाली तर रविवारीही येतात, आणि तरी महिनाअखेरीला एकमेकांकडे दोनशे-तीनशे उसने मागतात. बारा-बारा तास राबून हातात काही उरत नाही, अशी ही गरिबी आहे, आणि तिच्यावर आपल्याकडे एकच औषध सांगतात: शिका.

अहो, शिकायचंच आहे त्यांना. पण कधी? आमच्याकडे शिफ्ट दर आठवड्याला फिरते. एक आठवडा सकाळी सात ते साडेतीन, पुढचा आठवडा साडेतीन ते रात्री बारा. संध्याकाळी सहाचा क्लास लावला की एक आठवडा आड बुडणारच. क्लासवाले म्हणतात हजेरी भरत नाही, सर्टिफिकेट मिळणार नाही. कॉन्ट्रॅक्टरकडे कायम फर्स्ट शिफ्ट मागितली तर तो म्हणतो, उद्यापासून येऊ नकोस. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी शाळा काढली, तीच मुळी रात्रीची. दिवसा राबणारा दिवसा वर्गात येणार नाही, हे त्यांना कुणी सर्व्हे करून सांगावं लागलं नव्हतं.

आता पैशाचं. सरकारी आयटीआयतलं विद्यावेतन कित्येक वर्षं महिना ४० रुपये होतं. हो, चाळीसच. २०२३ मध्ये ते ५०० केलं. आयटीआय करून अप्रेंटिसला, म्हणजे कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागलात तर २०१९ च्या नियमांत ठरलेलं किमान विद्यावेतन ७,७०० रुपये. पीएमपीचा, म्हणजे आमच्या शहर बसचा, महिन्याचा पास जून २०२५ मध्ये ९०० वरून १,५०० झाला. म्हणजे पाचवा हिस्सा बसमध्येच गेला. राहिलेल्यात खोली, मेस आणि मोबाइलचा रिचार्ज बसवून दाखवा. ज्याचा बाप कमावता आहे तो हे वर्ष कसंबसं काढतो. ज्याच्यावरच घर आहे तो दोन महिन्यांत सोडून गोडाऊनला पॅकिंगला जातो, कारण तिथे चार पैसे जास्त मिळतात. मग आपण म्हणायचं, पोरांना चिकाटी नाही!

बायकांचं तर विचारूच नका. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाची फी २०२४ मध्ये सरकारने माफ केली, चांगलंच केलं. पण धुणीभांडी करणाऱ्या बाईने पेशंट सांभाळण्याचा कोर्स करायचा तर हातातली चार घरं सोडावी लागतात. ती परत मिळत नाहीत. धाकट्याला कोण बघणार, हा प्रश्न वेगळाच.

आणि समजा हे सगळं जमवलं, तर पुढे शिकवतात काय? मला हेच जास्त टोचतं, कारण हे रोज डोळ्यासमोर आहे. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, ऑपरेटरचं काम एवढंच: जॉब (घडवायचा तुकडा) चकमध्ये (मशीनच्या पकडीत) लावायचा, दार ओढायचं, हिरवं बटण, सायकल संपली की जॉब काढायचा, एअर मारायची, गेज लावून बघायचं, पुढचा जॉब. पोरगं दोन दिवसांत तयार होतं. सेटरचं, म्हणजे जॉबसाठी मशीन लावून देणाऱ्याचं, काम निराळं. ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे, टूल बदलल्यावर ऑफसेट घेता आला पाहिजे, म्हणजे नव्या टूलचं माप मशीनला देता आलं पाहिजे, बोअर (आतलं भोक) वीस मायक्रॉन कमी येतोय तर इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजलाय की आणखी काही बिघडलंय हे ओळखता आलं पाहिजे. सेटर झालेला पोरगा पगारावर घासाघीस करतो, नाही पटलं तर शेजारच्या कंपनीत जातो. पण सेटिंग शिकवायचं तर मशीन थांबते, दोन-चार जॉब रिजेक्ट होतात आणि प्रॉडक्शनच्या बोर्डवर आकडा पडतो. तो आकडा पाडायची कुणाची तयारी नसते. म्हणून पोरगं वर्षभर 'ट्रेनिंग'ला असतं आणि वर्षभर बटणच दाबतं. मग ब्रेक, म्हणजे त्याला घरी पाठवायचं, आणि नवी बॅच. माझ्या फोरमनने मला मशीन थांबवू दिली होती, म्हणून आज मी हे लिहितोय.

कायदाही यात फारसा कामाला येत नाही. १९६१ चा अप्रेंटिस कायदा शिकाऊ उमेदवाराला कामगार मानत नाही, आणि त्याला पुढे नोकरी देण्याची सक्तीही करत नाही. २०१३ मध्ये एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, 'नीम' ही कंपन्यांत ट्रेनी ठेवायची योजना आणली. अकुशल कामगाराच्या किमान वेतनाएवढं विद्यावेतन, पीएफ नाही. चाकणच्या लाइनवर पर्मनंटच्या शेजारी नीमचा पोरगा तेच काम करत उभा असायचा. नीम बंद झाली, ट्रेनी काही संपले नाहीत. २०२४ मध्ये राज्याची युवा कार्यप्रशिक्षण योजना आली: बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. आधी सहा महिने, मग अकरा. मुदत संपल्यावर कायम करा म्हणून पोरांना आंदोलनं करावी लागली.

मी प्रशिक्षणाच्या विरोधात असेन कसा, माझं घरच आयटीआयवर उभं आहे. माझं म्हणणं एवढंच की शिकण्याच्या काळात पोराला निदान किमान वेतन मिळालं पाहिजे, आणि कंपनीला जड जात असेल तर फरक सरकारने भरावा. जाहिरातीवर खर्च होतोच की. आणि एक गोष्ट तर उद्यापासूनही जमेल: क्लासवाल्यांनी तोच धडा सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला, दोनदा घ्यावा. फर्स्टवाला संध्याकाळी येईल, सेकंडवाला सकाळी. हजेरी दोन्हीकडची मिळून धरा.

ज्यांची पोरं यंदा कुठे ट्रेनी म्हणून लागणार आहेत त्यांनी सहीआधी विचारा: सेटिंगला कितव्या महिन्यात बसवणार, कुणाच्या हाताखाली, आणि हे लेखी देणार का. टाळाटाळ केली तर जवळच्या सरकारी आयटीआयत जाऊन अप्रेंटिसशिपची चौकशी करा. तिथला करार निदान सरकारी पोर्टलवर नोंदवलेला असतो.