मोबाइलने आमचा एक तास चुकवला

क्रूझबद्दलच्या एका लेखात म्हटलंय की तिथे नवरा-बायकोला एकमेकांसाठी वेळच मिळत नाही, दिवस खाण्यात आणि कार्यक्रमांत संपतो. आमचा अनुभव अगदी वेगळा आहे. आम्ही दोघं जुलैमध्ये मायामीहून वेस्टर्न कॅरिबियनला गेलो होतो. नुसत्या समुद्राच्या दिवशी आम्ही तासन् तास बाल्कनीत बसून बोललो. घरी इतकं निवांत बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

ग्रँड केमन बेटावरचा दिवस तर विसरणं शक्य नाही. तिथल्या जॉर्जटाउन बंदरात मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही, जहाज पाण्यातच थांबतं आणि टेंडर म्हणजे छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जावं लागतं. तिथून स्टिंगरे सिटीला गेलो; समुद्रातल्या या उथळ जागी स्टिंगरे, म्हणजे शेपटीला काटा असलेले चपटे मासे, माणसांच्या अगदी जवळ येतात. कमरेएवढं नितळ पाणी, खाली पांढरी वाळू. चुकून स्टिंगरेवर पाय पडू नये म्हणून पाय उचलायचा नाही, वाळूतून घासत चालायचं. ह्यांना पोहता येत नाही, पूर्ण वेळ माझा हात घट्ट धरून होते. पण एक स्टिंगरे पायाला चाटून गेला, त्याचं पोट मखमलीसारखं लागलं आणि ह्यांच्या चेहऱ्यावरची भीतीच गेली!

जाणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं: मायामीला उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात, केमनमध्ये करत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात तिथली वेळ मायामीच्या एक तास मागे असते. आमच्या जहाजावर मायामीचीच वेळ होती आणि मोबाइलने आपोआप बेटाची, एक तास मागची, घेतली. आम्हाला वाटलं, अजून तासभर हातात आहे. शेवटची टेंडर जेमतेम मिळाली, छाती नुसती धडधडत होती. हातात साधं घड्याळ ठेवा, जहाजाच्या वेळेला लावलेलं.