चाकांना पावडर कोटिंगच करावे काय? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

कोल्हापुरातल्या मोटारधारकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर गेल्या पावसाळ्यापासून एक संदेश पुन्हा पुन्हा येतो आहे. त्याचा आशय असा की, चाकांना रंग देणे म्हणजे पैसे पंचगंगेत सोडणे. पावडर कोटिंग, म्हणजे कोरडी रंगपूड मारून ती भट्टीत भाजून बसवलेला थर, एकदा केले की जन्मभर निघत नाही. गाड्यांच्या कंपन्याही तेच करतात. ते कोणत्याही चाकाला चालते. भट्टीत तापल्याने धातू आणखी पक्का होतो. आणि एमआयडीसीत कोठेही काम टाकले तरी ते सारखेच उतरते. पावडर कोटिंगला माझा विरोध नाही. माझ्या जुन्या गाडीच्या लोखंडी रिमांना मी तेच करून घेतले आहे. तरीही या सहा विधानांपैकी एकही आहे तसे मान्य करण्याजोगे नाही, आणि त्यांतले भट्टीचे विधान तर धोक्याचे आहे.

‘जन्मभर निघत नाही’ हे विधान अर्धे खरे आहे. पावडरचा थर साधारणतः 60 ते 80 मायक्रॉन जाडीचा असतो आणि भाजल्यावर तो एकसंध होतो, त्यामुळे स्प्रेच्या डब्याने मारलेल्या रंगापेक्षा तो खडीचा मार निश्चितच अधिक सोसतो. मात्र एखादा दगड थर भेदून धातूपर्यंत पोहोचला की पाणी आणि क्षार त्या छिद्रातून थराखाली शिरतात आणि अॅल्युमिनियमवर बारीक धाग्यांसारखी झीज आतल्या आत सरकत जाते. गगनबावड्याच्या पावसातून करूळ घाट उतरून मालवणच्या खाऱ्या हवेत उभी राहणारी गाडी या झिजेला आयतेच निमंत्रण देते. अशा वेळी रंगाची बाजू वरचढ ठरते, कारण टवका उडालेली तेवढीच जागा घासून तिथे प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) देता येतो. पावडरला तशी बेमालूम जोड देता येत नाही, चाक पूर्ण सोलून पुन्हा भाजावे लागते. शिवाय थर किती टिकेल हे पावडरपेक्षा तिच्याआधीच्या धुलाईवर ठरते. तेल काढणे, लोखंडाला फॉस्फेटिंग (थर धरून ठेवणारी रासायनिक प्रक्रिया), अॅल्युमिनियमला त्याची वेगळी रासायनिक प्रक्रिया, यांतले काही गाळले तर थर चकचकीत दिसतो आणि पापडासारखा सुटतो. पावडर कोणती, हेही विचारावे. इपॉक्सी पावडर उन्हात खडूसारखी पांढरट पडते, त्यामुळे चाकांना पॉलिस्टर हवी.

‘कंपन्याही तेच करतात’ याबाबत एवढेच सांगतो की, अनेक कंपन्यांच्या अलॉय, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, चाकांवर पावडरचा केवळ प्रायमर असतो, त्यावर द्रवरूप रंग आणि वर क्लिअर कोट असतो. म्हणजे ज्या रंगाला संदेश नाकारतो, तोच त्या चाकांवर डोळ्यांना दिसत असतो.

‘कोणत्याही चाकाला चालते’ हे विधान लोखंडी रिमांपुरते मी मान्य करतो, आणि तिथे माझे मत पावडरच्याच बाजूने आहे. ओतीव अलॉयचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. ओतकामात बारीक पोकळ्या राहतात. भट्टीत त्यांतली हवा आणि ओल बाहेर पडताना वितळलेल्या थरात पिनहोल, म्हणजे सुईच्या टोकाएवढी छिद्रे, पाडते. म्हणून असे चाक पावडर मारण्याआधी एकदा रिकामेच तापवून घ्यावे लागते. डायमंड कट चाकांचा तर चेहराच लेथवर कापलेला उघडा धातू असतो. त्यावर रंगीत पावडर मारली की ती चमक गेली, आणि पुन्हा कापायचे म्हटले तर दर वेळी धातू कमी होतो. फूटपाथला घासून पडलेला खळगा साध्या पुट्टीने भरलेला असेल तर ती पुट्टी भट्टीत टिकत नाही. तिथे रंगच योग्य.

आता ‘भट्टीत धातू पक्का होतो’ या विधानाकडे वळू. बहुतेक ओतीव अलॉय चाके सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम असलेल्या अॅल्युमिनियमची असतात. त्यांना सुमारे 540 अंशांना तापवून, पाण्यात विझवून, नंतर 150 ते 170 अंशांच्या आसपास काही तास ठेवून बळकटी दिलेली असते. ही बळकटी मोजून दिलेली आहे. त्यावर पुढचा ताप चढवल्याने ती वाढत नाही, उलट अति झाल्यास धातू नरम पडतो. पावडर साधारण 180 ते 200 अंशांना 10 ते 20 मिनिटे भाजतात. एकदा आणि वेळ पाळून केले तर सहसा फारसे बिघडत नाही. पण तेच चाक तीनदा भाजणे किंवा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते भट्टीतच राहू देणे ही निराळी गोष्ट झाली. त्याहून वाईट म्हणजे जुना थर काढण्यासाठी चाक जाळणे. 400 अंशांच्या जाळभट्टीतून निघालेले चाक दिसायला स्वच्छ असते, पण त्याची बळकटी संपलेली असते, आणि हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून आधी किती वेळा आणि कसे सोलले गेले हे ठाऊक नसलेल्या जुन्या बाजारातल्या अलॉयला मी भट्टी दाखवणार नाही, टू-के रंग, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा दोन घटकांचा रंग, देईन. तो रंग देणाऱ्याने मात्र योग्य मास्क वापरला पाहिजे, कारण त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते.

राहिले ‘कोठेही टाका’. आपल्याकडे बिडाच्या कास्टिंगसाठी शॉट ब्लास्टिंगची, म्हणजे बारीक पोलादी गोळ्यांच्या माऱ्याने पृष्ठभाग साफ करणारी, यंत्रे मुबलक आहेत, आणि त्याच यंत्रात अलॉय चाक टाकण्याचा मोह होतो. पोलादी शॉट मऊ अॅल्युमिनियमला ठोकतो आणि त्याचे लोहकण पृष्ठभागात रुतून पुढे झिजेचे कारण ठरतात. दुसरी बाब मास्किंगची. हबला टेकणारा पृष्ठभाग आणि नट बसण्याच्या कोनाकार जागा झाकूनच पावडर मारावी लागते, अन्यथा जाड थर नटाखाली दबत जातो आणि आवळ ढिली पडते. हे मी अनुभवावरून लिहितो. माझ्या रिमा परत आल्या तेव्हा नटांच्या जागा काळ्या कुळकुळीत होत्या आणि मला ते सुबक वाटले होते. राधानगरीच्या वाटेवर डाव्या पुढच्या चाकातून टकटक आवाज येऊ लागला म्हणून थांबून पाहिले, तर दोन नट नुसत्या बोटांनी फिरत होते. घरी आल्यावर त्या जागांवरचा थर खरवडून काढला, टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) नट पुन्हा आवळले आणि 50 किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासले, तेव्हा कोठे ते जागेवर राहिले.