कारण माहितीये

माझ्या लॅपटॉपवर डेबियन 11 होतं (डेबियन म्हणजे विंडोजसारखी, पण लिनक्सवाली ऑपरेटिंग सिस्टिम) आणि ते इतकं मस्त चालत होतं की उगाच कशाला छेडायचं, असं म्हणत मी चार वर्षं काढली. मधे 2023 च्या जूनमधे 12 आलं, तेव्हा म्हटलं आधी दुसरे लोक आपटू देत, मग आपण बघू. 2025 च्या ऑगस्टमधे 13 आलं तेव्हा मात्र जरा लाज वाटली आणि ठरवलं की आता एकदम 13 वरच उडी मारायची, मधलं 12 गाळूनच टाकू. तर तसं करायचं नसतं. आधी 12, ते नीट झालं की मग 13. काम टाळत राहिलं की ते आपोआप कमी होतं हा माझा जुना सिद्धांत, तो इथे पहिल्याच पायरीवर पडला, उलट काम डबल झालं.

बॅकअप घेतला. आख्खं ईटीसी फोल्डर, म्हणजे सगळ्या सिस्टिमच्या सेटिंगचं, टार करून (एका फाईलीत बांधून) पेनड्राईव्हवर आणि मग धीर येईना म्हणून तेच टार दुसऱ्या पेनड्राईव्हवर. ईटीसी म्हणजे एट सेटेरा, म्हणजे चक्क 'इत्यादी'. युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजाच्या, सुरुवातीच्या लोकांना जे कुठेच बसेना ते त्यांनी इत्यादीत टाकलं आणि आज सगळ्या मशीनचा जीव त्या इत्यादीत अडकलेला असतो. होम फोल्डरमधल्या डॉटवाल्या (माझ्या खाजगी सेटिंगच्या) फायलींना अपग्रेड हात लावत नाही, त्यामुळे तिथला पसारा सुरक्षित होता, नको तेवढा सुरक्षित.

मग सोर्सेस लिस्टमधे (सॉफ्टवेअर कुठून आणायचं ती यादी) बुल्सआय हे 11 चं नाव खोडून बुकवर्म हे 12 चं लिहिलं, नॉन-फ्री-फर्मवेअर हा 12 पासून वेगळा काढलेला विभाग आठवणीने जोडला (तो विसरलात तर वायफायचं जुनं फर्मवेअर, म्हणजे त्या चिपमधे चालणारं सॉफ्टवेअर, तसंच पडून राहतं) आणि कमांड मारली. स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या. मी आरामात मागे टेकलो, आणि टेकलो रे टेकलो की सगळं थांबलं.

डीपीकेजीचा, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामचा, प्रश्न आला होता. म्हणजे, ही कॉन्फिग (सेटिंगची) फाईल इन्स्टॉल झाल्यानंतर तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टने बदललेली आहे, पॅकेजवाल्यांनीही नवीन पाठवलीये, काय करू? पर्याय सहा अक्षरं, वाय, आय, एन, ओ, डी, झेड. त्यात वाय आणि आय एकच, नवीन घ्या. एन आणि ओ पण एकच, जुनी ठेवा. डी म्हणजे फरक दाखवा आणि झेड म्हणजे शेल (कमांड टाइप करायची जागा) उघडून देतो, तुमचं तुम्ही बघा. नुसतं एंटर दाबलं तर जुनीच राहते. अत्यंत सभ्य प्रश्न आहे खरं तर, पण 'तुम्ही बदलली' हे वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण बदललेली असते आणि का ते आठवत नसतं.

फाईल होती लॉगइनडी.कॉन्फ. डी दाबलं. हा फरक दाखवणारी डिफ ही कमांड 1974 ची, युनिक्सवाल्या डग मॅकइलरॉय यांच्या डोक्यातली, इतक्या वर्षांत जगाचे किती घोळ तिने निस्तरले असतील, पण मला अजून उणेवाली ओळ माझी की अधिकवाली माझी ते दरवेळी नव्याने समजून घ्यावं लागतं. तर माझी ओळ अशी होती की लॅपटॉपचं झाकण बंद केलं तरी काहीही करू नकोस, झोपू नकोस. आणि तिच्या डोक्यावर माझीच कमेंट: 'ह्याला हात लावू नये. कारण माहितीये.'

कोणाला माहितीये??

झेड दाबून शेलमधे गेलो, फाईलची तारीख बघितली, ऑक्टोबर 2017. तेव्हा ह्याच मशीनवर डेबियन 9 होतं. म्हणजे 10 ला आणि 11 ला जाताना हा प्रश्न आला असेल तर मी डोळे मिटून एन दाबलेलं असणार. मी आठवायला लागलो. झाकण बंद करून रात्रभर काही डाउनलोड लावायचो का? बाहेरचा मॉनिटर होता का? की झोपल्यावर उठतच नव्हता हा? ते शोधत इकडच्या तिकडच्या फायली उघडत बसलो, अर्धा तास गेला, आणि अपग्रेड झालं वाटतं म्हणून टर्मिनल बंद करणार एवढ्यात ट्यूब पेटली की अहो तो बिचारा अजून मागे उत्तराची वाट बघत उभाय. एक्झिट टाइप केलं. प्रश्न जसाच्या तसा. एन दाबलं. कारण माहितीये म्हटल्यावर आपण कोण बोलणार.

जुनी ठेवली म्हणून नवीन फेकून देत नाहीत हे एक बरंय, ती शेजारी डीपीकेजी-डिस्ट अशी शेपटी लावून ठेवतात, मग सावकाश दोन्ही जुळवून बघावं अशी अपेक्षा असते. माझ्याकडे अशा शेपटीवाल्या अकरा फायली आहेत. सावकाशच चाललंय.

सगळ्या प्रश्नांना आपोआप 'जुनीच ठेव' असं सांगायचा ऑप्शन असतो, फोर्स-कॉन्फ-ओल्ड, तो मला ठाऊक आहे, पण म्हटलं आपल्या फायली आपण वाचून ठरवायच्या, जबाबदार माणूस आहे मी. पुढचा प्रश्न नॅनोआरसीवर आला. नॅनो ह्या एडिटरची सेटिंग. मी आणि नॅनोची सेटिंग बदलली? डी दाबलं, खालीवर तीनदा वाचलं, त्यांचे बदल बरेच होते पण माझा काही सापडेना, मग शेवटी दिसला, तळाशी एक रिकामी ओळ. कधीतरी बघायला उघडली असणार, एंटर पडलं असणार आणि सेव्ह केली असणार. डीपीकेजी चेकसम (फाईलीच्या मजकुरावरून काढलेला आकडा) बघतं, त्याला रिकामी ओळ म्हणजेही बदलच. आता ही तरी नवीन घ्यायची हे नक्की झालं, क्यू दाबून बाहेर आलो आणि इतक्या वेळची सवय, सरळ एंटर दाबलं.

बाकी 12 छान बसलं. पीएचपीचं (ही वेबसाइट बनवायची भाषा) जुनं 7.4 चं सेटिंगचं फोल्डर तिथेच राहिलं आणि 8.2 चं नवीन कोरं आलं, त्यामुळे माझ्या सगळ्या सेटिंग जपल्या गेल्या, फक्त त्या कोणी वाचत नाही. लॉगइनडी.कॉन्फमधे जुन्या कमेंटखाली मी अजून एक ओळ लिहिली, '2025: मला नाही माहिती. पण हात लावलेला नाही.'

परवा 13 ला बसलो. थोड्या वेळाने नॅनोआरसीवर थांबलं, तुम्ही बदललेली आहे, काय करू. डी दाबून तळाशी गेलो. रिकामी ओळ होती तिथेच.