सेकीने बायकोला लिहिलेल्या चार-पाच ओळी

युद्धावर गेलेल्या वैमानिकाचं बायकोला शेवटचं पत्र म्हटलं की खाली रडक्या इमोजींची रांग लागते. मलाही अशी पत्रं वाचायचा नाद आहे, पण डोळे पुसून झाले की राग येतो. त्यातलं एक डोक्यातून जातच नाही, म्हणून हा प्रपंच.

युकिओ सेकी. जपानी नौदलात लेफ्टनंट, वय २३, मे १९४४ मध्ये लग्न झालेलं. ऑक्टोबरात फिलिपिन्सच्या माबालाकात तळावर एका रात्री वरिष्ठांनी त्याला बोलावून विचारलं, झीरो विमानाला २५० किलोचा बॉम्ब बांधून थेट अमेरिकी जहाजावर आदळायचं आहे, पहिल्या तुकडीचा म्होरक्या होशील का? (विचारलं म्हणायचं. 'नाही' म्हणायची सोय कितपत होती, देव जाणे.)

बायकोला, मारिकोला, त्याने लिहिलं ते इतकंच: तुझ्यासाठी काहीही न करता गळून जातोय, याचं वाईट वाटतं. लढवय्याच्या बायकोच्या मनाची तयारी असेलच, मी वेगळं सांगायला नको. आईवडिलांची सेवा कर.

'गळून जाणं' हेसुद्धा त्याचं स्वतःचं नाही. चेरीच्या फुलासारखं गळायचं, हा तेव्हाच्या सैनिकांना घोटून दिलेला शब्द.

आणि हाच माणूस दोमेई वृत्तसंस्थेच्या मासाशी ओनोदाला काय म्हणाला? माझ्यासारख्या चांगल्या वैमानिकाला मारतायत म्हणजे जपानचं संपलंच. न आदळताही मी जहाजाच्या डेकवर नेमका बॉम्ब टाकून दाखवीन. मी सम्राटासाठी जात नाही, साम्राज्यासाठी नाही, माझ्या लाडक्या 'के-ए'साठी जातोय. के-ए म्हणजे नौदलाच्या बोलीत बायको. आपण हरलो तर तिचं काय होईल, ही धास्ती.

हे तिला लिहायचं सोडून बातमीदाराला सांगितलं! पत्रात तो नवरा नाहीच, लेफ्टनंटच आहे. 'वीरपत्नी' म्हणून कुणाला स्टेजवर बसवताना आपणही तेच करतो, तिची तयारी आपणच गृहीत धरतो.

पण शेवटाकडे एक ओळ निसटलीय. निघण्यापूर्वी एकेक आठवण काढत हे लिहितोय, असं म्हणतो. कुठली आठवण, ते नाही. पाच महिन्यांचा संसार, त्यात सप्टेंबरपासून तो दूरच. किती असणार आठवणी? मी त्या ओळीपाशी दर वेळी अडतो. तेवढीच तिच्या एकटीसाठी असावी.

२१ ऑक्टोबरपासून तुकडी उडायची आणि जहाजं सापडली नाहीत की परत यायची. निरोप घेऊन गेलेल्या माणसाने पुन्हा तळावर उतरायचं, जेवायचं, झोपायचं! २५ तारखेच्या हल्ल्यात अमेरिकेची 'सेंट लो' ही विमानवाहू नौका बुडाली. सेकी गेला.

त्याची आई साकाए 'युद्धदेवाची आई' झाली, लोक दर्शनाला यायचे. जपान हरल्यावर त्यांनीच तोंड फिरवलं. १९५३ मध्ये ती वारली, तेव्हा एका शाळेत शिपायाचं काम करत होती.