अल्फा ०.७ आला म्हणजे प्रश्नावली वैध झाली?

पुण्यातल्या पीएचडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो: ‘छापील पेपरमधली प्रश्नावली उचला, ३० जणांवर पायलट करा, क्रॉनबाख अल्फा ०.७ च्या वर गेला की प्रश्नावली वैध.’ वैध म्हणजे जे मोजायचं तेच मोजणारी. कंपनीच्या उद्दिष्टांनुसार आयटीचा आराखडा ठरवणं म्हणजे धोरणात्मक आयटी नियोजन; त्यावर संशोधन करणाऱ्यांना हा सल्ला महागात पडतो.

आधी अल्फा. प्रश्नावलीतली विधानं किती आहेत आणि ती एकमेकांशी किती जुळतात, एवढंच तो सांगतो. समजा २० विधानं आहेत. १० आयटी आणि व्यवसायाचा मेळ मोजतात, १० विभागांमधलं सहकार्य. प्रत्येक गटात सहसंबंध ०.५, दोन गटांमध्ये शून्य. म्हणजे दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी. तरी सगळ्यांचा मिळून अल्फा येतो ०.८६! सेगर्स आणि ग्रोव्हर यांनी १९९८ मध्ये अशा नियोजनाचं यश मेळ, विश्लेषण, सहकार्य आणि क्षमतावाढ या चार अंगांनी मोजलं. चारही एका भांड्यात ओतून एकच अल्फा काढला की नेमकं हेच लपतं. अल्फा अंगनिहाय काढा. अंगं खरंच वेगळी आहेत का, हे कन्फर्मेटरी फॅक्टर ॲनालिसिसमध्ये (कोणतं विधान कोणत्या अंगाचं हे आधी मांडून ते उत्तरांशी जुळतं का पाहण्याची पद्धत) तपासा: प्रत्येक अंगाच्या एव्हीईचं (अंग आपल्या विधानांमधला सरासरी किती फरक समजावतं, तो आकडा) वर्गमूळ त्याच्या इतर अंगांशी असलेल्या सहसंबंधापेक्षा मोठं हवं.

३० जणांचा पायलट शब्द कुठे अडतात ते कळायला पुरतो. पण ३० विधानं आणि ३० जणांची उत्तरं घेऊन फॅक्टर, म्हणजे विधानांमागची अंगं, काढायला बसलात, तर सहसंबंधांच्या मॅट्रिक्सचा रँक (एकमेकांवर न अवलंबणाऱ्या ओळींची संख्या) २९ च्या वर जात नाही, त्याचा व्यस्त (इन्व्हर्स) निघत नाही, केएमओ (विधानं फॅक्टर काढण्याजोगी आहेत का हे सांगणारा आकडा) मिळत नाही. मग विधानं उडवणं सुरू होतं. आकडे सुधारतात, संकल्पनेचा एक कोपरा गळतो.

राहिलं ‘छापील’. छापील प्रश्नावली तुमच्या उत्तरदात्यांना लागू पडेलच असं नाही. आराखडा मुख्यालयात ठरत असेल, तर चाकणच्या प्लांटमधला आयटी मॅनेजर तो फक्त राबवतो. हिंजवडीतला डेव्हलपर ‘नियोजन’ वाचून क्लायंटच्या प्रोजेक्टचं वेळापत्रक डोळ्यांपुढे आणू शकतो. म्हणून पहिलाच प्रश्न असा ठेवा: ‘कंपनीचा शेवटचा आयटी आराखडा ठरवताना तुमचं काम काय होतं?’ विधानं तज्ज्ञांकडूनही तपासून घ्या. १० पैकी ८ जणांनी एखादं ‘आवश्यक’ म्हटलं तरी लॉशी या संशोधकाचं आशय-वैधतेचं गुणोत्तर (‘आवश्यक’ म्हणणाऱ्यांतून निम्मे तज्ज्ञ वजा करून निम्म्यांनी भागायचं) ०.६० भरतं, त्याच्या किमान गुणोत्तरांच्या तक्त्यात १० तज्ज्ञांना ०.६२ लागतं. आणि नियोजन कसं झालं हे आयटीप्रमुखाला विचारलंत, तर ते फळलं का हे व्यवसायाच्या बाजूच्या माणसाला विचारा. एकाच माणसानं दोन्ही उत्तरं भरली, तर दिसणाऱ्या संबंधातला काही भाग त्या माणसाच्या मताचाच असतो.