किचनरच्या बोटामुळे २५ लाख पोरं भरती झाली नाहीत

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय की पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने युद्धमंत्री लॉर्ड किचनरचं पोस्टर काढलं, तेच ते, मिशीवाला माणूस आणि सरळ आपल्याकडे रोखलेलं बोट, आणि ते बघून २५ लाख तरुण स्वतःहून सैन्यात गेले, म्हणजे एक चित्र अख्ख्या देशाला वेड लावू शकतं. असं वाचलं की मला खरंच वाईट वाटतं. त्या पोरांपैकी कित्येक परत आलीच नाहीत, आणि आपण म्हणायचं चित्र बघून गेली?

आधी तारखा बघा. चित्रकार आल्फ्रेड लीटचं ते चित्र ५ सप्टेंबर १९१४ ला 'लंडन ओपिनियन' या साप्ताहिकाच्या कव्हरवर आलं, म्हणजे सरकारने काढलेलं नव्हतंच, आणि पोस्टर त्याच्याही नंतरचं. एका दिवसातली सगळ्यात मोठी भरती, ३३ हजारांच्या वर, ती झाली ३ सप्टेंबरला. दोन दिवस आधी! त्या रांगा लागल्या कारण बेल्जियममधल्या मॉन्सहून ब्रिटिश सैन्य मागे हटतंय हे ऑगस्टच्या शेवटी पेपरात आलं, कुणाचं काम सुटलं होतं, आणि मित्रांना एकाच बटालियनमध्ये ठेवू असा शब्द मिळाल्यावर एका गल्लीतली, एका गिरणीतली पोरं मिळून गेली.

२५ लाखांचा आकडा तसा खरा आहे, पण तो सक्तीची भरती येईपर्यंतच्या सगळ्या भरतीचा. जानेवारी १९१६ मध्ये सक्तीचा कायदा करावाच लागला. बोटात एवढी ताकद होती तर कायदा कशाला?

आणि या पोस्टरबद्दल सांगतात ते "डोळे आपला पाठलाग करतात, हे खास तंत्र" वगैरे, अहो घरातला हार घातलेला आजोबांचा फोटो बघा, खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यात उभे राहा, आपल्याकडेच बघत असतात.

मग पोस्टरचा काहीच परिणाम होत नव्हता का, तर होत होता, पण आधीच मनात असलेली लाज, घराची काळजी हे सगळं नेमकं हेरून. सॅव्हिल लम्लीचं १९१५ चं पोस्टर घ्या. बाप खुर्चीत बसलाय, मांडीवर पुस्तक घेतलेली मुलगी, खाली मुलगा खेळण्यातले सैनिक मांडतोय, आणि मुलगी विचारतेय, बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलंत? शत्रू कुठेच नाही. बाप मुलीकडे न बघता आपल्याकडे बघतो, आणि ते बघणं मला किचनरच्या बोटापेक्षा जास्त लागतं.

दुसरं पोस्टर स्कारबरोचं, हे इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं गाव. १६ डिसेंबर १९१४ ला जर्मन जहाजांनी स्कारबरो, हार्टलपूल अशा किनाऱ्यावरच्या गावांवर तोफा डागल्या, त्यानंतरचं. पडझड झालेलं कामगाराचं घर, पुढे एक लहान मुलगी, तिच्या हातात बाळ. घराचा पत्तासुद्धा छापलाय, नंबर २, वायकम स्ट्रीट, आणि आत मेलेल्यांत सगळ्यात लहान मूल ५ वर्षांचं होतं हेही. खाली आकडा, ७८ बायका-मुलं ठार. आता नीट बघा, हा आकडा त्या दिवशीच्या सगळ्या हल्ल्याचा आहे आणि मेलेल्यांत बहुतेक माणसं हार्टलपूलची होती, पण हार्टलपूलला किनाऱ्यावर तोफा होत्या, त्यांनी उलट मारा केला होता. स्कारबरोला काहीच संरक्षण नव्हतं, म्हणून चित्र स्कारबरोचं. छापलेलं खोटं नाहीये, तरी बघणाऱ्याला वाटतं हे सगळे याच गावात मेले.